मऊ होल्स्टर

— नाही हो साहेब, हे होल्स्टर मऊ करून नाही मिळणार. रंग सांगा, बदलून देते. क्लिप डावीकडची उजवीकडे हवी, तीही देते लावून. दोरा पांढरा हवा असेल तर उसवून परत शिवते, माझी कुरकुर नाही — पण मऊ करा एवढं म्हणू नका. टोचतंय, कळतंय मला. नवं आहे, टोचणारच. नवी चप्पल चावते तसं थोडे दिवस चावेल, मग बसेल अंगाला. आणि नाहीच बसलं तर पँट एक नंबर मोठी शिवून घ्या. हसू नका, खरंच सांगते, शिंपी करून देईल. म्हणजे तुम्हाला हवंय काय — पँटीच्या आत पिस्तूल खोचायचं, वरून शर्ट सोडायचा, बाहेरून कुणाला फुगवटा दिसायला नको, खुर्चीत बसलं की टोचायला नको, गाडी चालवताना बरगडीत रुतायला नको — कमरेला काही आहे हे त्या कमरेलाच कळायला नको. अहो, मग घरीच राहू द्या ना ते, कपाटात. धमक्या येतात म्हणून घेतलंत, बरोबर आहे, तुमचा जीव तुम्हाला प्यारा. मग त्याच जिवासाठी थोडं टोचून घ्या की.

पिस्तूल नाही ना आणलं बरोबर? नुसतंच होल्स्टर आणलंत पिशवीतून? शहाणे आहात. नाहीतर येतात काहीजण, काउंटरवर भरलेलंच ठेवतात आणि वर म्हणतात, मावशी, घाबरू नका. मी कशाला घाबरू, घाबरायला तुम्ही हवं. बसा त्या स्टुलावर. हे बघा, हा तुमच्या पिस्तुलाचा ठोकळा. भिंतीवर खिळ्यांना लटकलेत ना, ते सगळे ठोकळेच — नकली, आतून भरीव, आकार मात्र केसाचाही फरक नाही. कातडं भिजवायचं, ह्याच्यावर चढवायचं, हाडाच्या पट्टीनं घासून घासून प्रत्येक खाच उठवायची, मग सावलीत वाळू द्यायचं. उन्हात नाही. आमचे हे होते तेव्हा हे काम त्यांचं, माझ्याकडे फक्त शिलाई. ते गेले आणि घासणंही माझ्या वाट्याला आलं. बायकांच्या हातचं होल्स्टर म्हणून आधी लोक नाक मुरडायचे, आता रांग लावतात. असो. आता इकडे बघा — ठोकळा आत गेला. जिथं चाप आहे तिथं बाहेरून अंगठ्यानं दाबा. दाबा ना, जोरात. काही हललं? नाही हलणार. हा एक गुण. आता ठोकळा काढते बाहेर — आणि तोंड बघा. रिकामं आहे तरी उघडंच आहे ना? मिटलं नाही. ही जी वर पट्टी शिवलीय ना, तिच्या दोन थरांमध्ये पातळ पत्रा आहे. तोच तुम्हाला टोचतोय. आणि तोच तुम्हाला काढून हवाय.

कशाला लागतो पत्रा? सांगते. लोकांना वाटतं अपघात पिस्तूल काढताना होतो. काढताना नाही हो — ठेवताना होतो. काढताना माणूस सावध असतो, सगळं अंग डोळे झालेलं असतं. ठेवताना काय, काम झालेलं असतं, घरी जायचं असतं, डोक्यात भाजी आणायची असते. नजर दुसरीकडे आणि हात सवयीनं खाली. तेव्हा तोंड उघडं हवं. मऊ कातडं असलं की पिस्तूल बाहेर आलं रे आलं, ते मिटतं. वरची कड आत दुमडते. आणि तुम्ही वरून पिस्तूल कोंबता — आणि ती दुमडलेली कड बरोबर त्या कडीत शिरते, चापाभोवती असते ना ती गोल कडी, तिच्यात. तुम्ही खाली रेटता, कातडं चापाला धरून वर राहतं. तुमच्या पिस्तुलाला चाप अडवून धरणारा खटका नाही बाजूला. चाप मागे गेला की गोळी सुटली. बोटानं गेला, शर्टाच्या टोकानं गेला का कातड्याच्या घडीनं गेला — त्याला काय कळतंय, ते आपलं काम करतं.

कोण करून देतो म्हणालात? पुलापलीकडचा? तो बॅगा शिवतो हो. चांगल्या शिवतो, मीच घेतलीय एक. बॅगेत डबा ठेवायचा असतो. तुमच्या मित्राला दिलं असेल त्यानं मऊ करून, आणि तुमचा मित्र खूश असेल, फिरत असेल ऐटीत, मी कुठं नाही म्हणते. खूश तर सगळेच असतात. खूश होणं म्हणजे — थांबा. तुम्हाला असं सांगून पटणार नाही, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय, म्हातारी उगाच घाबरवतेय. थांबा, एक दाखवते. कुणाला दाखवत नाही मी, नमुना म्हणून ठेवलंय. हा ड्रॉवर मेला अडतो नेहमी. हां. हे तुकडे बाजूला करते — घ्या. हातात घ्या, चावत नाही. कसं वाटतंय? लोण्यासारखं ना? तुम्हाला हवंय ना, अगदी तस्संच. आता तोंडाशी बघा. मिटलंय. आत दुमडलंय, आणि त्या घडीवर एक वळ दिसतोय का, वाकडा, नखाच्या कडेसारखा? तो चापाचा वळ आहे. आणि खाली काळं झालंय ते — ते डाग नाहीत, म्हणजे काही डाग आहेत, पण ते काळं जळाल्याचं आहे. खालून उघडं असतं म्हणून गोळी सरळ गेली. मांडीत शिरली, गुडघ्याच्या बाजूनं निघाली.

कुणाचं म्हणजे, एका गिऱ्हाइकाचं. असंच, तुमच्यासारखंच. सुरक्षेच्या कंपनीत होते, पैशाच्या गाडीवर. साध्या कपड्यांत बसावं लागायचं पुढच्या सीटवर, दिवसभर, पिस्तूल शर्टाखाली. सज्जन माणूस. नाकासमोर चालणारा म्हणतात ना, तसा. कधी तक्रार करायचा नाही. तक्रार त्यांच्या बायकोनं केली — आली एकदा होल्स्टर घेऊन, म्हणाली, ह्यांच्या कमरेला वळ उठतात, रात्री कुशीवर झोपता येत नाही, बोलत नाहीत पण मला दिसतं ना. आई, काहीतरी कर. मी म्हटलं, अगं होईल सवय. तर डोळ्यांत पाणी तिच्या. तिला माहीत आहे माझं कुठं वितळतं ते, लहानपणापासून — झालं. बोलून गेले. हो साहेब, माझीच मुलगी ती. जावयांचं आहे हे. आता लपवून काय करू, तोंडातून गेलं ते गेलं.

मीच केलं. कुणी सांगितलं नव्हतं पत्रा काढ म्हणून, मुलीला काय कळतंय पत्र्यातलं, ती म्हणाली काहीतरी कर. काय करायचं ते मी ठरवलं. आणि मला काय माहीत नव्हतं का? तुम्हाला आता जे सांगितलं ते सगळं मला तेव्हाही पाठ होतं. दुसरं कुणी आलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं. पण जावई म्हटल्यावर — तुम्हाला आहे का मुलगी? मग कळेल तुम्हाला. जावयाला काही नाही कसं म्हणायचं. तोही असा की घरी जेवायला आला तर दुसऱ्यांदा भात मागणार नाही, मीच ताटाकडे बघून ओळखायचं. अशा माणसाची एकच गोष्ट करायला मिळाली मला, म्हणून जीव ओतून केली. पट्टी उसवली, पत्रा काढला, कड तासून पातळ केली. तेल पाजलं कातड्याला, एकदा नाही, तीन-चारदा, आणि ह्या टेबलाच्या कडेवर घासून घासून मळलं, कणीक मळावी तसं. मळताना गाणं म्हणत होते मी. ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. इतकं मऊ केलं की त्यांनी घातलं आणि म्हणाले, सासूबाई, आता कळतही नाही कमरेला काही आहे ते. आणि मी खूश. सांगितलं ना, सगळेच खूश असतात.

मग एक दिवस जावयांची ड्युटी संपली, कंपनीतच होते, कपडे बदलायच्या खोलीत. पिस्तूल काढलं होतं, परत ठेवायला गेले, आणि — तेच. बरोबरच्या माणसानं फक्त आवाज ऐकला. ह्यांची पाठ होती त्याच्याकडे. त्यानं धावत येऊन विचारलं, बोट होतं का चापावर? आणि ह्यांनी, तिथं फरशीवर पडल्या पडल्या, मांडी धरून, काय सांगितलं माहितीय? असेल. बोट असेल माझं. बस्स, तेच कायम झालं. दुसरं कुणी काही शोधलंच नाही, कारण माणूस स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर कोण शोधणार.

हॉस्पिटलमधून कपडे, पट्टा, हे, सगळं एका पिशवीत मिळालं. मुलीनं माझ्याकडे दिली पिशवी, तिला बघवेना. मी घरी येऊन उघडली. घडी बघितली, वळ बघितला. माझ्या हातचं काम, मला चष्म्याचीही गरज नव्हती. खाली बसले ती किती वेळ बसले कुणास ठाऊक, दूध उतू जाऊन गॅस विझलासुद्धा. नंतर कंपनीची माणसं आली, होल्स्टर कुठं आहे म्हणून. मी म्हटलं, रक्तानं भरलं होतं, फेकून दिलं. किती सहज निघालं तोंडातून. त्यांनीही मान हलवली, बिचारी म्हातारी, कशाला छळा. एक तर मला नमस्कार करून गेला.

सांगायचं होतं हो. असं नका बघू. हॉस्पिटलमध्ये सांगणार होते, तर म्हटलं आधी पाय वाचू दे. पाय वाचला, मग म्हटलं घरी येऊ दे. घरी आले, तर मुलगी त्यांच्यावर असली भडकलेली — घरात तान्ही पोर, आणि हे असल्या हातांनी ते हत्यार घेऊन फिरत होते, उद्या पोरीच्या अंगावर सुटलं असतं म्हणजे? आणि वर काय म्हणते, आईनं एवढं जीव लावून करून दिलं आणि तुम्ही त्याची अशी माती केलीत. माझी बाजू घेऊन भांडते ती, माझ्या समोर. तेव्हा तरी मी तोंड उघडायचं की नाही? नाही उघडलं. पदर तोंडाला लावला आणि आत गेले. लोकांना वाटलं रडतेय. मुलगी तोडेल मला, एवढीच भीती, दुसरी कसली असणार. दुकानाची वगैरे मी स्वतःला सांगत होते, नाव जाईल, गिऱ्हाईक तुटेल — ते सगळं खोटं. ती आई म्हणायची थांबली तर मी काय करू, हे खरं. आणि मग रोज एक दिवस पुढे गेला की सांगणं आणखी अवघड. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चूक होती. आता लबाडी झालीय.

आणि ते आता इथंच असतात ना. हो, इथं, दुकानात. कंपनीनं घरी बसवलं, पाय असा, काठी घेऊन चालतात. घरजावई म्हटलेलं ज्यांना खपायचं नाही ते आता त्या आतल्या मशीनवर माझी शिलाई करतात, आणि सुरेख करतात, एक टाका तिरका नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून सांगतात — माझ्याकडे बघा, बोट चापावर राहिलं म्हणून माझं असं झालं, तुम्ही जपा. मी शेजारी उभी असते, मान हलवते. लोक म्हणतात, मावशी, तुमच्या जावयानं सांगितल्यापासून आम्ही फार सांभाळतो. आता बोला. आणि त्यांचं हे बोट — अंगठ्याजवळचं — ते आता वाकवतच नाहीत. चहाचा कप धरला तरी ते सरळ, चमचा धरला तरी सरळ, आरी धरली तरी सरळ. मला विचारतात, सासूबाई, बघा जरा, बरोबर आहे ना माझं बोट? त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेलाय हो. पोरगी दोन्ही हात वर करून उभी राहते त्यांच्यापुढे, घ्या म्हणून, तर हे खाली बसतात, तिला उचलत नाहीत. नको म्हणतात, माझ्या हातून काही होईल. पोर वाट बघून बघून निघून जाते. हे मी रोज बघते आणि रोज भात लावते, वरण लावते, पानं वाढते.

कदाचित बोटही असेल, असंही म्हणून बघितलं मी. दोन्ही असेल. कोण सांगणार? पण तो वळ बघितलात ना तुम्ही. बोट आत असतं तर कातडं चापापर्यंत पोचलंच नसतं, दोघांना जागा नाही तिथं. मला कळतं ते. म्हणून तर फेकता आलं नाही मला. जाळणार होते, दोनदा बाहेर काढलं, कातडं जळताना वास सुटतो म्हणून परत ठेवलं — म्हणजे वासाचं निमित्त. एवढं एकच आहे त्यांच्या बाजूनं बोलणारं, आणि ते मी तुकड्यांखाली दडपून ठेवलंय.

आज चार वाजता कंपनीत बोलावलंय त्यांना. शेवटचं. मोठी माणसं बसणार, आणि ह्यांनी सगळ्यांसमोर तोंडानं सांगायचं की हलगर्जी माझी होती. एकदा सांगितलं की संपलं, परवाना रद्द, परत कुठंच ते काम नाही, आणि नावापुढे हे लागलं ते लागलं. हे काय म्हणाले मला? सासूबाई, तुम्ही चला बरोबर, काही बोलू नका, नुसत्या शेजारी बसा, मला धीर येईल. मी हो म्हटलंय. साडी बदलूनच बसलेय, बघताय ना, नाहीतर दुकानात कोण नेसतं ही. केस कापून येतो म्हणून गेलेत, येतीलच.

ते कातडं काय उलटंपालटं करताय. बोला तरी. शिव्या द्या. परका माणूस बरा असतो असल्याला, म्हणून सांगितलं गेलं, नाहीतर मी कुणाला — ऐकलंत? पायरीवर काठी वाजली. तेच आहेत. साहेब, ते ठेवा, आधी ते आत ठेवा — ड्रॉवर नको, ड्रॉवर अडतो, आवाज होतो — तुमच्या पिशवीत टाका. टाका हो, पाया पडते तुमच्या. घेऊन जा. पुलावरून पाण्यात टाका, काहीही करा, मला परत दिसायला नको. तुमचं नवं होल्स्टरही घ्या त्यात, हां, वरून. पिशवी खाली धरा.

या जावईबापू. छान कापले हो केस, बारीक केलेत. कुणी नाही, गिऱ्हाईक आहे, निघालेच आहेत ते. मऊ करून हवं होतं, मी नाही म्हटलं. अहो, राहू द्या ना आज, उशीर होतोय, आज कशाला सांगत बसता त्यांना. बरं. सांगा. बसून तरी सांगा, पायाला त्रास होतो. ऐका साहेब, हे सांगतात ते नीट ऐका — हो. हो, ठेवताना. हो, नजर खाली. बोट बाहेर, सरळ. हो जावईबापू, बरोबर आहे, सगळं बरोबर आहे तुमचं. असं नका म्हणू पण. माझ्यासारखा बेफिकीर होऊ नका असं कशाला म्हणायचं परक्या माणसाला, तुम्ही कुठं बेफिकीर — बरं. झालं सांगून? साहेब, या मग तुम्ही.

साहेब, पिशवी कशाला उघडताय? तुमचं तुमच्याजवळ राहू द्या. काउंटरवर नको — अहो ते तुमचं —

नाही जावईबापू, त्यांचं नाही. हात नका लावू. म्हणजे लावा. लावा हात, तुमचंच आहे ते. फेकलं नव्हतं मी. तोंडाशी बघा, पट्टी नाहीये. मी काढली होती. आत घडी पडलीय, तिच्यावर बघा — उजेडात धरा जरा, इकडे, खिडकीशी.

साहेब, तुम्ही जा आता. दार ओढून घ्या.